आपले रान आणि जगाचे रान
(केळापूर तालुक्यातील एका शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याला बोलावणे आले म्हणजे कपाशीवर, तुरीवर किंवा सोयाबीनच्या बियाण्यावर बोलायचे, ही आमची नेहमीची रीत. आज मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. विषय जगाचा आहे, परंतु त्याचे मूळ आपल्या धुऱ्यावर आहे. मी कृषी विषय शिकवतो, पण आधी मी घाटंजी तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आहे. म्हणून बोलताना घरची एक चूकही सांगणार आहे.

जीवप्रदेश म्हणजे काय?

पृथ्वीवर सर्वत्र एकसारखे रान नाही. कोठे किती पाऊस पडतो, तो किती महिने पडतो आणि उन्हाळा-हिवाळा किती कडक असतो, यावरून तेथे कोणती झाडे, गवते, जनावरे व कीटक राहतील हे ठरते. सारख्या हवामानामुळे सारखी जीवसृष्टी तयार झालेला असा जो विस्तीर्ण पट्टा, त्याला शास्त्रज्ञ 'बायोम' म्हणतात. आपण त्याला जीवप्रदेश म्हणू. उत्तर ध्रुवाजवळ जमीन गोठलेली राहते, तेथे शेवाळ व खुरटी झुडपे वाढतात. तो टुंड्रा. त्याच्या खाली सूचिपर्णी अरण्ये. मध्यम पावसाच्या थंड भागात गवताळ मैदाने. विषुववृत्ताजवळ बारमाही पावसाची सदाहरित जंगले. जेथे पाऊस नावालाच पडतो, तेथे वाळवंट.

मग आपला यवतमाळ जिल्हा कोठे बसतो? आपल्याकडे वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. एवढा काळ पाने सांभाळणे झाडाला परवडत नाही. म्हणून साग, धावडा, ऐन, मोहा, तेंदू, सालई ही आपली झाडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतात. याला उष्ण कटिबंधातील शुष्क पानगळीचे वन म्हणतात. पानगळ हा झाडाचा रोग नाही, ती पाणी वाचविण्याची युक्ती आहे. पळस निष्पर्ण होऊन फुलतो, तोही याच हिशेबाने.

परंतु आपल्या रानात केवळ झाडे नाहीत. उथळ, मुरमाड माळावर झाडे विरळ व गवत दाट असते. कुसळी, पवन्या, मारवेल, तिखाडी ही आपली गवते. अशा झाड-गवताच्या मिश्र रानाला सव्हाना म्हणतात. पुष्कळ दिवस असा समज होता की, असे माळ म्हणजे तोडून उजाड झालेले जंगल. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी कथा-गीतांत आलेल्या झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. त्यावरून तेथील माळराने किमान साडेसातशे वर्षांपासून माळरानेच आहेत असे त्यांनी दाखविले. आपल्या विदर्भासाठी असाच अभ्यास व्हावयास हवा. पण एक गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण ज्याला 'पडीक' म्हणतो, ते रान नेहमीच पडीक नसते.

कापसाने बदललेले रान

हे रान बदलले कसे? १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस तुटला आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापूस वाहून नेण्यासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मार्गाची रेल्वे झाली. आपण तिला शकुंतला म्हणत होतो. आज ती बंद आहे, पण तिने वाहिलेल्या कापसासाठी जेवढे गवताळ रान वखराखाली आले, ते परत आले नाही.

यात आपल्या पूर्वजांचा दोष काढण्याचे कारण नाही. सारा रोखीत भरावयाचा होता आणि रोख कापसातूनच मिळत होती. मात्र काळी जमीन तयार होण्यास हजारो वर्षे लागली आणि वखरायला एक पिढी पुरली, हा हिशेब समोर ठेवला पाहिजे.

जगातील तीन शेतकरी

आपल्यासारखेच तीन शेतकरी जगात इतरत्र होते. एकाने गहू पेरला, दुसऱ्याने कापूस आणि तिसऱ्याने सोयाबीन. तिघांची हकिकत ऐका.

पहिला अमेरिकेचा. तेथील मध्य भागातील मैदानांवर खोल मुळांची गवते होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रॅक्टर आले, गव्हाचा भाव चढला आणि लक्षावधी एकर गवत नांगरले गेले. १९३० नंतर ओळीने दुष्काळ पडले. माती धरून ठेवणारे मूळ उरले नव्हते. १४ एप्रिल १९३५ रोजी असे धुळीचे वादळ उठले की भर दिवसा अंधार झाला. तो दिवस आजही 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी तेथे मृद्संधारणाचा कायदा झाला, समपातळीवर पेरणी सुरू झाली आणि १९४२ पर्यंत वाऱ्याला आडव्या अशा पट्ट्यांत सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. शहाणपण आले, पण हजारो कुटुंबे गाव सोडून गेल्यानंतर आले.

दुसरा मध्य आशियाचा. तो आपलाच भाऊबंद, कापूसवाला. उझबेकिस्तान व कझाकस्तान यांच्यामध्ये अरल नावाचा समुद्राएवढा तलाव होता. १९६० च्या सुमारास तो जगातील चौथ्या क्रमांकाचा मोठा तलाव होता. वाळवंटी जमिनीत कापूस पिकविण्यासाठी त्याला मिळणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या दोन नद्यांचे पाणी कालव्यांनी वळविले गेले. कापूस भरपूर झाला. तलाव मात्र आटत गेला व २००७ पर्यंत मूळ क्षेत्राच्या एक दशांशाएवढाच उरला. मुयनाक हे मासेमारीचे बंदर होते, तेथे आज वाळूत गंजलेली जहाजे उभी आहेत. उघड्या पडलेल्या तळातील मीठ व औषधांचे अंश वाऱ्याबरोबर उडून शेतांवर व माणसांच्या छातीत गेले. त्यातही एक दिलासा आहे. २००५ मध्ये कझाकस्तानने तलावाच्या उत्तर भागाला बांध घातला. त्या भागात पाणी वाढले आणि मासे परत आले. बिघडलेले सगळेच दुरुस्त होत नाही, पण काही भाग होतो.

तिसरा ब्राझीलचा. तेथील 'सेराडो' हा झाड-गवताचा सव्हाना, म्हणजे आपल्या माळाचा दूरचा नातेवाईक. तेथील आम्लधर्मी माती नापीक समजली जात होती. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या एम्ब्रापा या तेथील शासकीय संशोधन संस्थेने चुना, स्फुरद व योग्य वाण यांच्या साहाय्याने ती सोयाबीनखाली आणली. कृषी शास्त्राच्या दृष्टीने हे मोठेच यश आहे, आणि मी वर्गात ते तसेच शिकवतो. पण त्याबरोबर हेही शिकवतो की, सेराडोचे जवळजवळ अर्धे नैसर्गिक रान गेले. ब्राझीलच्या अनेक नद्या तेथेच उगम पावतात. त्या झाडांची मुळे खोलवर जाऊन पावसाचे पाणी जमिनीत मुरवीत होती. ते काम सोयाबीनची मुळे करू शकत नाहीत.

या तिघांतील एकही आळशी किंवा अडाणी नव्हता. तिघांनीही बाजाराचा भाव पाहिला. मुळाखाली काय आहे ते पाहिले नाही.

माझ्या घरची चूक

आता घरची गोष्ट. २००९ साली मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या सहा एकरांच्या तुकड्यात मधोमध एक जुना धुरा होता. त्यावर पळसाची बारा झाडे, एक बेहडा आणि कमरेएवढे पवन्या गवत. मी बाबांना म्हटले, "हा धुरा जागा खातो, सावलीने पऱ्हाटी बसते. काढून टाकू." बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू शिकला बाप्पा, तुले समजत असन. पण धुऱ्यावरचं झाड कोनाले आडवं येते रे?" तरीही मी ऐकले नाही. धुरा सपाट झाला आणि पऱ्हाटीचे चार तास वाढले. मी खूश झालो.

दुसऱ्या वर्षी मोठ्या पावसात तेथे बोटाएवढा ओघळ पडला. तिसऱ्या वर्षी त्यात माझा पाय घोट्यापर्यंत जात होता. चौथ्या वर्षी खालच्या नाल्यात आमची काळी माती साचलेली दिसली आणि वरच्या पट्ट्यात पांढुरका मुरूम उघडा पडला. एक साधा हिशेब करा. एक एकर जमिनीवरून केवळ एक मिलिमीटर माती वाहून गेली, तरी ती सुमारे पाच टन भरते. चार तास पऱ्हाटीच्या बदल्यात मी बाबांची किती माती नाल्याला दिली असेल?

२०१४ मध्ये आम्ही तो धुरा पुन्हा घातला. दगड रचले, गिरीपुष्पाच्या काड्या लावल्या आणि शेजारच्या माळावरून पवन्याची ठोंबे आणून लावली. ओघळ थांबला. पण त्या पट्ट्यात सोयाबीन अजूनही इतर शेताच्या मानाने बुटके राहते. बाबा त्याबद्दल मला कधी बोलले नाहीत. पेरणीच्या दिवशी त्या ठिकाणी आले की ते तिफण जरा थांबवतात, एवढेच.

आज आपल्या जिल्ह्यापुढे काय आहे?

एक : पाऊस. तापमान वाढत असल्याने थोड्या वेळात जास्त पाऊस आणि मध्ये मोठे खंड, असे वारंवार होऊ लागले आहे. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, महागाव तालुक्यात माणसे पुरात अडकली आणि हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार लाख लिटर पाणी. ते मुरविण्यासाठी गवत, मूळ व आडवे तास नसतील, तर ते माती घेऊनच जाणार.

दोन : गायरान व ई-क्लास जमीन. अतिक्रमण, अतिचराई आणि रायमुनिया या तिन्हींनी ती खाल्ली. रायमुनिया हे बाहेरचे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणले गेले. ढोरे ते खात नाहीत, खाल्ले तर त्यांना विषबाधा होते आणि त्याच्याखाली गवत उगवत नाही. गावातील गाई कमी होण्यामागे चारा कमी होणे हे एक मोठे कारण आहे, आणि गाई कमी झाल्या म्हणजे शेणखतही कमी झाले.

तीन : वन्यप्राणी. टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. एका नर वाघालाच कित्येक चौरस किलोमीटर रान लागते. तेथे वाढलेला वाघ बाहेर पडणारच. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेलंगणमार्गे फिरत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे नऊ महिन्यांत तो तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला. वाटेत त्याला जंगल थोडे आणि शेते व नालेच अधिक मिळाले. दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ या वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. मरण पावलेले शेतात राबणारे, ढोरे चारणारे लोक होते. ज्या घरातील माणूस गेला, त्या घरासमोर उभे राहून वाघाचे महत्त्व सांगण्याची माझी हिंमत नाही. एवढेच म्हणतो की, जंगलाचे तुकडे जितके लहान होतील, तितकी वाघाची व माणसाची गाठ वाढेल. रोही व रानडुकरे यांचेही तसेच आहे. रोही हा झुडपी माळाचा प्राणी आहे. माळ शेत झाला, म्हणून तो शेतात आला.

चार : फवारणी. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला दाद देईनाशी झाली होती, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि एका पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात होती. ज्या शेताच्या धुऱ्यावर झाड-गवत नाही, तेथे ढालकिडा, क्रायसोपा, कोळी, पक्षी यांना आसरा नसतो. मित्रकीड नसली की सगळा भार पंपावर येतो आणि पंप माणसाच्या पाठीवर असतो.

पाच : खाण. वणी परिसरात जमिनीखाली कोळसा आहे. देशाला त्याची गरज आहे, हे खरे. परंतु खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर, पिकावर बसणारी धूळ आणि खोल जाणारे पाणी यांचा भार लगतच्या शेतकऱ्यावर पडतो. तेथे खाण भरून पुन्हा रान करताना वरची सुपीक माती वेगळी ठेवली जाते किंवा नाही, याकडे ग्रामसभेने लक्ष ठेवावे.

आपण काय करावे?

जगाचे जीवप्रदेश वाचविणे आपल्या हाती नाही. आपल्या शिवाराएवढा तुकडा मात्र आहे. त्यासाठी पुढील गोष्टी खर्चाच्या मानाने सोप्या आहेत.

१. पेरणी व आंतरमशागत उताराला आडवी करावी. कपाशीत शेवटच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडाव्यात. सोयाबीनसाठी रुंद वाफा-सरी पद्धत वापरावी. अतिपावसात सरीतून पाणी निघते आणि खंडात ओल टिकते.

२. कपाशीत मूग किंवा उडीद, तसेच सोयाबीनमध्ये तूर हे आंतरपीक घ्यावे. एकच पीक म्हणजे किडीला मेजवानी.

३. धुरा काढू नये आणि पेटवू नये. त्यावर गिरीपुष्प लावून त्याची कोवळी पाने शेतात टाकावीत. पवन्या, मारवेल यांची ठोंबे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावीत. बोर, बेल, पळस, कडुनिंब आपोआप उगवले तर राहू द्यावे.

४. कपाशीची फरदड घेऊ नये. वेचणी संपताच पऱ्हाटी उपटावी, पण जाळू नये. यंत्राने बारीक करून खत करावे. त्याने बोंडअळीचे चक्र तुटते आणि सेंद्रिय कर्ब जमिनीत परत जातो.

५. फवारणीपूर्वी कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आहे काय, हे झाडे मोजून पाहावे. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. औषधे एकत्र मिसळू नयेत. तोंडावर मास्क, हातमोजे व अंगभर कपडे घालावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये आणि डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत पंप घेऊन शिरू नये.

६. गायरानाचा एक तुकडा दरवर्षी पावसाळ्यात चराईला बंद ठेवावा व गवत कापून न्यावे. पुढील वर्षी दुसरा तुकडा घ्यावा. रायमुनिया फुलण्यापूर्वी मुळाच्या मानेखाली तोडून, उपटून, उलटा करून ठेवावा. नुसता वरून छाटला तर तो दुपटीने फुटतो.

७. गवताळ माळावर सरसकट खड्डे खोदून दाट झाडे लावण्याचा आग्रह धरू नये. नाल्याकाठी, पांदणीला, घराभोवती झाडे लावावीत आणि माळाला गवत राहू द्यावे.

८. वन्यप्राण्यांनी पिकाचे किंवा जनावरांचे नुकसान केल्यास त्याच दिवशी वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. उशीर झाला की भरपाई अडते. जंगलालगतच्या शेतात वेचणीला एकट्याने, अंधारात जाऊ नये.

९. वनहक्क कायदा २००६ नुसार ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळू शकतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला आणि तेथील बांबूचा कारभार गावच पाहू लागला. आपल्या आदिवासीबहुल तालुक्यांतील गावांनी त्याचा विचार करावा. ज्याला रानातून उत्पन्न मिळते, तो रान राखतो.

शेवटी

शेतकरी बंधू-भगिनींनो, धुरा आणि माळ राखण्यात तोटाही आहे, हे मी नाकारत नाही. धुऱ्याची जागा जाते, सावलीने दोन तास बसतात, गवतात रानडुकरे दडतात. कर्जाचा हप्ता जवळ आला की चार तास मोठे वाटतात. मलाही वाटले होते, आणि मला तर कर्जही नव्हते. म्हणून कोणी लगेच सगळे करावे असे मी म्हणत नाही. या हंगामात एक धुरा निवडा. शेतातून जेथून सर्वांत गढूळ पाणी बाहेर पडते, त्याच्या वरचा निवडा. त्यावर गवत व गिरीपुष्प लावा आणि तीन पावसाळे पाहा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तेथे उभे राहा. धुऱ्याच्या वर आणि खाली वाहणाऱ्या पाण्याचा रंग पाहा. भाषणापेक्षा त्यातून जास्त समजेल.

कोणते गवत, किती अंतर, कोणत्या जमिनीला कोणती पद्धत याविषयी काही शंका असल्यास यवतमाळ येथील विभागीय कृषी संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा आपले सहायक कृषी अधिकारी यांच्याशी जरूर संपर्क साधावा. आणि घरी जाऊन आपल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्या शेतात पूर्वी धुरे कोठे कोठे होते? त्यांना आठवत असेल तोवरच तो नकाशा मिळेल.